वाचकांचे प्रश्न : मोजक्या अणूंचे वितळणे

प्रश्न : धातूचा वितळणबिंदू ठरलेला असतो. मग शंभरेक अणूंचा समूहही त्याच तापमानाला वितळतो का?

उत्तर : नाही. ठरलेला वितळणबिंदू ही असंख्य अणूंच्या एकत्रित वर्तनाची देणगी आहे. लहान समूहात बहुतेक अणू पृष्ठभागावर असतात, त्यांना शेजारी कमी असल्यामुळे ते सैल बांधलेले असतात आणि म्हणून समूह सहसा लवकर वितळतो. सोडियम एरवी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते; परंतु १९९७ मध्ये जर्मनीतील हाबरलँड यांच्या गटाने १३९ अणूंचा समूह सुमारे २६७ केल्विनला, म्हणजे शून्याखाली सहा अंशांवर, वितळत असल्याचे दाखवले. शिवाय हे वितळणे एका बिंदूवर न होता तापमानाच्या एका पट्ट्यात होते, आणि त्या पट्ट्यात तोच समूह काही काळ घनरूप तर काही काळ द्रवरूप असू शकतो. मला स्वतःला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

गॅलियम मात्र उलट वागते : सुमारे ३० अंशांना वितळणाऱ्या या धातूचे ३९ किंवा ४० अणूंचे समूह त्याहून बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत घनरूप राहतात, कारण त्यांतील बंध मोठ्या तुकड्यातील बंधांपेक्षा वेगळ्या स्वरूपाचे असतात. एखादा अणू वाढला किंवा घटला तरी वितळण्याची रीत बदलू शकते.