उचलीपोटी मुलीला पाठवायचे?

प्रश्न : भावाने ऊसतोडीसाठी घेतलेली उचल फिटली नाही, म्हणून मुकादम त्याच्या १५ वर्षांच्या मुलीला तोडीला पाठवा म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : मुलीला मुळीच पाठवू नका. उचलीपोटी माणसाला अडकवून राबवणे ही वेठबिगारी असून, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने असे कर्ज रद्दच ठरते, ते वसूल करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारीही देणाऱ्यावर, म्हणजे मुकादमावरच, असते. वहीतल्या अंगठ्याला भाऊ घाबरला असेल, पण त्या अंगठ्याने लेक गहाण पडत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मुकादम गाडी घेऊन दाराशी आलाच, तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२ (आपत्कालीन मदत) वर लगेच फोन करा.