जर्मनीहून आल्यापासून नाशकात चिडचिड होते

प्रश्न: कंपनीच्या ट्रेनिंगला ड्युसेलडॉर्फला होतो, रोज संध्याकाळी ऱ्हाईनकाठी फिरायचो. परत आल्यावर रामकुंडावर गेलो तर पाण्यात निर्माल्याच्या कॅरीबॅगा, द्वारका सर्कलला हॉर्नचा कहर, वाटतं आपली माणसंच अशी, काही होणार नाही. बोललो की बायको म्हणते, मग तिकडेच राहायचं होतं! माझं चुकतंय का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: चिडचिड होणारच हो, त्यात काही चुकलं नाही. पण ‘आपली माणसंच अशी’ हे काही मला पटत नाही. ज्या ऱ्हाईनकाठी तुम्ही फिरलात तिलाच एकेकाळी युरोपचं गटार म्हणायचे. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडात बासलजवळ केमिकलच्या गोदामाला आग लागली, विझवायला मारलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशकं नदीत गेली, पाणी लाल झालं आणि ईल मासे ढिगाने मेले. मग काठावरचे देश हलले, सांडपाण्यावर पैसा ओतला, कारखान्यांना नियम लावले आणि सालमन मासा हळूहळू परत यायला लागला. माणसं तीच होती की! आणि तिकडे एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या मशीनमध्ये घातल्या की बाटलीमागे आधी भरलेले २५ सेंट परत मिळतात, तुम्हीही घातल्याच असतील.

लांब कशाला, आपल्या दिंडोरी-निफाडचा द्राक्षवाला बघा. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपला माल अडकला, केवढा फटका बसला तेव्हा. आज एक्स्पोर्टच्या प्लॉटवर कुठली फवारणी कधी केली याची नोंद ठेवतात, माल लॅबमधून पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. हाच माणूस द्वारकेला हॉर्न वाजवत असेल, कारण तिथे त्याला विचारतंय कोण?

बाकी तिकडचंही सगळं गोड नाही, रविवारी दुकानं बंद, ट्रेन लेट, आणि कॅश नसली तर काही ठिकाणी उपाशी राहायची पाळी, आपल्याकडे वडापाववाल्याकडेही क्यूआर कोड असतो.

तर राग वाया घालवू नका. तुमच्या बाजूने नासर्डी वाहते, ती पुढे गोदावरीलाच मिळते. तिच्यात कुठले नाले प्रक्रिया न करता सोडलेत ते महापालिकेला लेखी विचारा, माहिती अधिकार आहेच. दोन-चार शेजारी घ्या सोबत, एकट्याच्या अर्जाला कुणी भीक घालत नाही. आणि घरात ‘तिकडे ना...’ने वाक्य सुरू करणं तेवढं बंद करा, वहिनींचं बरोबर आहे.