टीमला कळलं तर?

"मॅडम, टीमला कळलं तर मी संपलो." आपण समलिंगी आहोत हे कळेल, ही भीती घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी मुलं हल्ली अधूनमधून भेटतात. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरातला १९ वर्षांचा हा फुटबॉल मिडफिल्डर (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) आला मात्र झोप लागत नाही म्हणून.

गोल झाला की सगळे स्ट्रायकरवर झेपावतात. हा बुटाची लेस बांधायला खाली वाकायचा. मिठी जरा लांबली आणि कुणाला शंका आली तर? ड्रेसिंग रूममध्ये कुणाला 'बायल्या' म्हटलं की सर्वांत मोठ्याने हसणारा हाच. कधीकधी चिडवायला सुरुवातही हाच करायचा. पकडले जाण्याच्या भीतीइतकीच ही लाजही त्याला रात्री जागवत होती, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

त्याने मला जस्टिन फशानूचं उदाहरण दिलं. १९९० मध्ये या इंग्लिश फुटबॉलपटूने आपण समलिंगी असल्याचं उघडपणे सांगितलं, सख्ख्या भावानेच त्याला जाहीरपणे दूर लोटलं, १९९८ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. मी म्हटलं, तुझी भीती खोटी नाही. जर्मनीचा फुटबॉलपटू थॉमस हिट्झल्स्पर्गर २०१४ मध्ये बोलला, तोही निवृत्तीनंतर. पण ऑस्ट्रेलियात जोश कॅव्हॅलो २०२१ मध्ये आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकपूल क्लबचा जेक डॅनियल्स २०२२ मध्ये, अवघ्या १७ व्या वर्षी, खेळत असतानाच बोलले. फशानू ते डॅनियल्स या मधल्या तीस वर्षांत इंग्लंडच्या मैदानांवर समलिंगी खेळाडू नव्हतेच, असं कोण मानेल?

म्हणून त्यानेही बोललंच पाहिजे का? मुळीच नाही. 'खरं सांगून टाक' हा सल्ला देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला जायचं नसतं. कधी, कुणाला, किती सांगायचं हे त्यानेच ठरवायचं.

"यावर औषध असेल ना?" हेही त्याने विचारलं. पालकही विचारतात. हा आजारच नाही, आणि तो 'बरा' करायचे प्रयोग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले.

स्वतःबद्दल अवाक्षर न काढता एक गोष्ट त्याला लगेच करता येण्यासारखी होती: चिडवणं थांबवणं. ते त्याने केलं. "काय रे, गंभीर झालास?" एवढंच कुणीतरी म्हणालं. पुढे त्याने ताईला सांगितलं. ती आधी रडली, मग रोज फोन करू लागली. झोप सुधारली आहे. आई-बाबांना सांगायचं की नाही, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.