दार तुम्हीच ठोठवा

प्रश्न : फ्रीमेसन, म्हणजे त्या जुन्या बंधुसंघटनेचा सदस्य, व्हावं असं फार दिवस मनात आहे, पण ओळखीत एकही सदस्य नाही. मोबाइलवर मात्र मेसेज आला, "प्रवेश फी पाठवा, महिन्याभरात सदस्यत्व आणि भरभराट." आई म्हणते, हे देवाधर्माच्या विरुद्ध आहे. काय करू? – एक वाचक, वय 34

उत्तर : आधी तो मेसेज पुसून टाका, एक पैसाही धाडू नका. खरी लॉज, म्हणजे फ्रीमेसनांची स्थानिक शाखा, कुणाला श्रीमंतीचं आमिष दाखवत नाही. आमच्याकडे रीत अशी की इच्छुकानेच विचारायचं. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून कुणी बोलावेल या आशेवर वर्ष घालवलं. शेवटी एका सदस्य मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "तू तोंड उघडशील म्हणूनच थांबलो होतो." तुमची ओळख नसेल, तर आपल्या प्रदेशाच्या ग्रँड लॉजला, म्हणजे तिथल्या लॉजेसच्या मुख्य संस्थेला, सरळ पत्र लिहा. दोन सदस्य तुमची शिफारस करतात, मग चौकशी, मग गुप्त मतदान : पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. काही ठिकाणी एक काळी गोळीही पुरते. यात महिने जातात, जाऊ द्या.

आईंची शंका उडवून लावू नका. परमेश्वरावर श्रद्धा, मग नाव कोणतंही घ्या, ही आमच्या परंपरेत अटच आहे. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात आणि लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालायला मनाई असते. मात्र कॅथलिक चर्चने 1738 पासून आपल्या अनुयायांना याची बंदी केली आहे. तुम्ही कॅथलिक असाल तर हे आधी नीट समजून घ्या.

आमचं मूळ दगड घडवणाऱ्या गवंड्यांत शोधतात. 24 जून 1717 ला लंडनच्या चार लॉजेसनी मिळून पहिली ग्रँड लॉज स्थापली, पण प्रतीक म्हणून हत्यारं आजही गवंड्याचीच : गुण्या, कंपास, ओळंबा. लॉजमध्ये दोन दगड असतात, एक ओबडधोबड, एक घडीव. पहिल्या संध्याकाळी मला खडबडीत दगड दाखवला, तेव्हा त्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं. माझा तापट स्वभाव डोळ्यांपुढे उभा राहिला. टाकीचे घाव तिथून सुरू झाले, अजून चालू आहेत.

दीक्षेच्या वेळी डोळ्यांवर पट्टी असते. त्याआधी खिशातले पैसे, घड्याळ, अंगठी, सगळा धातू काढून ठेवावा लागतो. का, ते त्याच संध्याकाळी कळतं. मी आधी सांगून तो क्षण तुमच्याकडून हिरावून घेणार नाही.

पत्र लिहिलंत की चौकशीला येणारे सदस्य बऱ्याच ठिकाणी घरीच भेटतात. त्या बैठकीत आईंनाही बसवा. त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या.