बोंडाची चांदणी, संत्र्याचा दिवा

येना (जर्मनी), डिसेंबर

प्रिय ओवी,

काल तू फोनवर काय विचारत होतीस ते अर्धंच ऐकू आलं, मध्येच रेंज गेली. मग बाबांनी लिहून पाठवलं. मोठ्या आईने तुला तिच्या अंगणवाडीत बोलावलंय, सुट्टी आहे तोवर रोज तासभर ये आणि पोट्ट्यांकडून काहीतरी करून घे म्हणून. आणि तुझा प्रश्न असा, की इथे, विदर्भात आर्वीकडे, बर्फ नाही, नाताळ नाही, तर मराठी मुलं हिवाळ्यात बनवतात तरी काय? की काहीच बनवत नाहीत?

बनवतात गं. पण त्यांना कुणी रांगेत बसवून, हातात कात्री-गोंद देऊन बनवायला लावत नाही, म्हणून तुला ते दिसलं नाही. तू किंडरगार्टनमध्ये होतीस तेव्हा 11 नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी कागदी कंदील व्हायचा, मग खिडकीवर चिकटवायच्या चांदण्या, मग मिठाच्या कणकेची झाडं नि घोडे, आणि सगळं नावासकट भिंतीला लागायचं. आर्वीकडे हे दिवस सुगीचे. कापूस वेचायचा असतो, संत्री उतरवायची असतात, तूर भरत आलेली असते. मोठ्यांना मान वर करायला वेळ नाही. पोरं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हाताला लागेल त्याचं काहीतरी करतात, खेळतात, मोडतात आणि संध्याकाळी शेकोटीत टाकतात. मला विचारशील तर चार वर्षांच्या पोराला हेच बरं. भिंतीवरचं असतं ते आईबापांना दाखवायला.

आधी कापसाचं बोलते, कारण तुझ्या डोक्यात कापसाचा स्नोमॅन आलाच असेल. आजीच्या माजघरात कापसाची रास लागलेली आहे, पण तो विकायचा कापूस आहे. त्यात पाय घातलास तर आजी 'काऊन वं पोरी, कापूस नासवतं काय?' म्हणून अंगावर येईल, आणि रात्रभर खाज सुटेल ती वेगळीच. मूठभर माग, आनंदाने देईल. तो सरकीसकट असतो. ती सरकी बोटांनी सोडवून रुई वेगळी करणं हाच लहान्यांना अर्धा तास पुरणारा उद्योग आहे. बोटांना इतका चांगला व्यायाम रंगीत मण्यांनीही होत नाही. फक्त सरकी मोजून घे आणि मोजून परत घे. तीन-चार वर्षांचं पोर नाकात काय घालेल याचा नेम नसतो. चिंचोके आणि तुरीचे दाणे यांनाही हाच नियम.

स्नोमॅन मात्र नको. ज्यांनी बर्फ पाहिलेला नाही त्यांच्याकडून बर्फ करून घेण्यात काय गंमत? त्यापेक्षा वेचणी झालेल्या पऱ्हाटीकडे, म्हणजे कपाशीच्या झाडांकडे, जाऊन नीट बघ. कापूस काढून घेतल्यावर झाडावर बोंडाचं वाळकं टरफल राहतं. ते उमलून लाकडासारखं कडक झालेलं असतं, चार नाहीतर पाच पाकळ्यांचं, बाहेरून तपकिरी आणि आतून फिकट, गुळगुळीत. प्रत्येक पाकळीला टोक असतं आणि ते टोचतं. वेचणाऱ्या बायांची बोटं त्यानेच ओरबाडलेली असतात, आजीचा हात हातात घेऊन बघ. देठासकट तोडलंस की तयार चांदणी हातात येते. येनात आपण दोघी बाजारात लाकडी चांदण्या विकत घेतो, आर्वीकडे त्या वावरात उभ्या आहेत. टोकं तू आधी दगडावर घासून बोथट कर. मग पोट्ट्यांना गेरू आणि चुना दे, ब्रश नको, बोटच बरं. दोरा देठाला बांधायचा. कापसावर फवारण्या झालेल्या असतात, म्हणून टरफलं आधी धुऊन उन्हात वाळवायची आणि काम झालं की सगळ्यांचे हात साबणाने धुवायला लावायचे. यात आळस नको.

दुसरी गोष्ट ज्वारीच्या धांड्याची, म्हणजे वाळक्या ताटाची. आता सोयाबीनने ज्वारी पार हटवली, त्यामुळे धांडे सगळ्यांकडे मिळणार नाहीत; ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत त्यांच्या कडब्याच्या गंजीत बघ. माझ्या माहेरी, दारव्ह्याकडे, आम्ही याच्या बैलगाड्या करायचो. धांड्याची वरची साल सोलली की लांब, चिवट पट्ट्या निघतात आणि आत पांढरा, हलका, थर्माकोलसारखा गाभा राहतो. गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या कामट्यांनी ते एकमेकांना टोचायचे. गोंद लागत नाही, दोरा लागत नाही. चाकाला साल गोल वाकवून तिची दोन्ही टोकं गाभ्याच्या छोट्या तुकड्यात खुपसतात. बैल सगळ्यात सोपा. एक लांबट तुकडा, चार कामट्यांचे पाय, पुढे वाकवलेली दोन शिंगं. ती शिंगं लावली की काल रडणारं पोट्टंही 'हा माझा' म्हणून मालक होऊन बसतं. पण साल ब्लेडसारखी कापते. सोलायचं काम तू आणि मोठ्या आईने करायचं, बोथट कामट्या आणि गाभा तेवढा पोरांच्या हाती द्यायचा.

इकडे नाताळच्या झाडाला टांगायच्या गवती चांदण्या आठवतात ना? गव्हाच्या काड्या भिजवून, चपट्या करून, मध्ये दोऱ्याने बांधलेल्या? तीच जात. पीक निघून गेल्यावर जे उरतं त्याचंच दोन्हीकडे खेळणं होतं.

आता कंदील. तुझा सेंट मार्टिनचा कंदील तिथे संत्र्याचा कर. नागपुरी संत्र्याची साल सैल, अंगठ्याने सुटते. संत्र्याची साल तेवढी मधोमध आडवी चिरायची, अर्ध्या सालीची वाटी अख्खी निघेपर्यंत हळूहळू अंगठा फिरवायचा, फोडी खाऊन टाकायच्या. वाटीच्या तळाशी पांढरी शीर उभी राहिली तर तीच वात. नाही राहिली तर आजीने वळलेली फुलवात ठेव. वाटी थोडी सुकू दे, मग चमचा-दोन चमचे तेल. वातीचं टोक तेलाच्या वर हवं आणि तेल तिच्यात मुरेपर्यंत धीर धरायचा, नाहीतर नुसती काजळी होते. पेटवायचं काम मोठ्या आईचं, तुझंसुद्धा नाही. पेटला की सगळी साल आतून केशरी दिसते आणि वास खोलीभर. उरलेली सालं टाकू नका, शेकोटीपासून हातभर लांब बसून आबाजींना ती ज्योतीवर पिळायला सांग. सालीतलं तेल तडतडून पेटतं. पोट्टे वेडे होतात!

एक गंमत सांगते, शाळेत सांगता येईल तुला. किंडरगार्टन सुरू करणारे फ्रोबेल आपल्या येनाच्या जवळचेच. बाड ब्लांकेनबुर्ग या गावात त्यांनी 1837 मध्ये लहान मुलांसाठी काम सुरू केलं, खेळातून आणि हाताने वस्तू करून शिकायचं म्हणून. तू चार पट्ट्या विणून करतेस त्या कागदी चांदणीला त्यांचंच नाव आहे. आणि बरोब्बर शंभर वर्षांनी, ऑक्टोबर 1937 मध्ये, तू आहेस त्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, गांधीजींनी शिक्षणाची परिषद भरवली आणि मुलांनी हस्तोद्योगातून शिकावं असं मांडलं. त्याचा परिणाम म्हणून आजीला शाळेत टकळीवर सूत काढायला लावायचे. तिला विचार, ती गुरुजींच्या छडीचंही सांगेल. पुढे 1945 पासून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन बालवाड्या चालवल्या. अंगणवाडी हे नावही तिकडूनच आलं. म्हणजे मोठ्या आईकडे साहित्य नाही म्हणून तू हळहळलीस, त्याची काही गरज नाही.

राहिली संक्रांत. 14 जानेवारीला तू परत शाळेत असशील, पण तयारी तुझ्या हातून होऊ दे. कुंभाराकडून सुगडं आधीच आणून ठेवतात. चुन्यात बोट बुडवून त्यांच्यावर ठिपके काढणं तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. वेडेवाकडे आले तर येऊ दे, पुसून सरळ करू नकोस. त्यात हरभऱ्याचे घाटे, बोरं, ऊस, तीळ जातील ते आजी बघेल.

आणि मोठ्या आईच्या नातवाचं यंदा पहिलं बोरन्हाण आहे. बाळाला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात आणि बाकीची पोरं ते लुटायला तुटून पडतात. हलव्याला काटा आणणं मोठ्यांनाही सहज साधत नाही, ते मोठ्या आईवर सोड. मुकुट मात्र तुम्ही करा. जुन्या वहीचा पुठ्ठा, त्यावर काळा कागद, आणि चिकटवायला कणकेची खळ: वाटीभर पाण्यात दोन चमचे कणीक कालवून दाटसर होईपर्यंत शिजवायची. ती रोज ताजी कर, दुसऱ्या दिवशी आंबते आणि वास मारते. मुलांनी एकेक हलवा चिकटवायचा आणि एक तोंडात टाकायचा, एवढं गृहीत धरून हलवा मागून घे.

मुकुट वाळला की झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला सांग. उघडा राहिला तर बाळाआधी मुंग्याच घालतील.

आजी-आबाजींना नमस्कार. सकाळी कानाला रुमाल बांधत जा.

तुझी,
आई