लुमेन तिप्पट, तरी लांबचं झाड दिसेना

प्रश्न : माझ्याकडे जुनी ३०० लुमेनची टॉर्च आहे आणि आता नवीन घेतली ती १००० लुमेनची. रात्री मोकळ्या मैदानात दोन्ही लावून बघितल्या तर नवीन टॉर्चने आजूबाजूचं सगळं लख्ख दिसतं पण लांबचं झाड काही दिसत नाही, आणि जुनी मात्र त्या झाडापर्यंत आरामात पोचते. बॉक्सवर कॅन्डेला म्हणून अजून एक आकडा आहे तो कशाचा? मी फसलो का?

उत्तर : नाही हो, फसला नाहीत. दोन्ही आकडे खरे असू शकतात, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात आणि तुम्हाला जे हवं होतं, म्हणजे लांबचा झोत, ते लुमेनच्या आकड्यात नसतंच.

लुमेन म्हणजे टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. मोजताना टॉर्चचा सगळा उजेड आतून पांढरा रंग दिलेल्या एका पोकळ गोळ्यात सोडतात, तो आत इकडून तिकडे आपटून सगळीकडे सारखा पसरतो आणि मग मोजला जातो. म्हणजे बघा, झोत कुठे जात होता ही माहिती त्या गोळ्यात पुसलीच जाते. कॅन्डेला नेमकी तीच माहिती देतो, एका ठरावीक दिशेने उजेड किती दाट जातोय ते. एका साध्या मेणबत्तीचा उजेड एका दिशेने बघितला तर साधारण १ कॅन्डेला भरतो, आणि हे नावही तिथूनच आलंय. ब्रिटनमध्ये १८६० च्या कायद्याने तर ताशी १२० ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास जळणारी, व्हेलच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची मेणबत्तीच माप म्हणून ठरवली होती. १९४८ मध्ये कॅन्डेला हे नाव आलं तेव्हा माप होतं प्लॅटिनम ज्या तापमानाला गोठतं तेवढ्या तापलेल्या वस्तूच्या उजेडाचं, आणि १९७९ पासून ५४० टेराहर्ट्झ वारंवारतेच्या (म्हणजे एका ठरावीक रंगाच्या) हिरवट प्रकाशावरून ते ठरतं, कारण डोळा त्याच्या आसपास सगळ्यात तल्लख असतो.

आता तुमच्या टॉर्च. समजा जुनीचा झोत १० अंशांचा आहे आणि नवीनचा ६० अंशांचा (हे मी धरून चाललोय, आणि झोत आतून सगळीकडे सारखा आहे असंही). ३०० लुमेन १० अंशांत कोंबले तर साधारण १२,५०० कॅन्डेला होतात, आणि १००० लुमेन ६० अंशांत पसरले तर जेमतेम १,२००. उजेड तिपटीहून जास्त पण झोताच्या दिशेने दाटपणा दहावा हिस्सा, मग झाड कसं दिसणार! कोन अर्धा केला की कॅन्डेला जवळजवळ चौपट होतात, कारण झोत रुंदीत पण अर्धा होतो आणि उंचीत पण. हे एक डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं आहे.

तिसरा शब्द लक्स, तो म्हणजे समोरच्या वस्तूवर प्रत्यक्ष किती उजेड पडला. कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने भागलं, अंतर मीटरमध्ये, की लक्स मिळतात. १०,००० कॅन्डेलाची टॉर्च १०० मीटरवर १ लक्स देते, २०० मीटरवर पाव लक्स. टॉर्चवर 'इतके मीटर' असं लिहितात ते बहुतेक ह्याच पाव लक्सच्या हिशोबाने, म्हणजे कॅन्डेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायचं. तुमची जुनी ह्या हिशोबाने सव्वादोनशे मीटरच्या आसपास जाते आणि नवीन सत्तरच्या. पण पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतकाच उजेड, आणि तो झाडावर पडून परत तुमच्या डोळ्यापर्यंत यायचा असतो, त्यामुळे लिहिलेल्या अंतराच्या निम्म्यावर नीट दिसेल असं मी धरतो, तिथे चौपट म्हणजे १ लक्स असतो.

स्वतः मोजायचं असेल तर साधा लक्समीटर पुरे. अंधाऱ्या खोलीत टॉर्चपासून ५ मीटरवर झोताच्या अगदी मध्यभागी धरा आणि आलेल्या आकड्याला २५ ने गुणा, ४०० लक्स आले तर १०,००० कॅन्डेला. एक मीटरवर मोजलं तर गुणाकारच नको असं वाटतं, पण मोठ्या रिफ्लेक्टरच्या टॉर्चचा झोत तिथे अजून पूर्ण तयार झालेला नसतो, तिथे वर्गाचा नियम लागू पडत नाही आणि आकडा चुकतो. मोबाईलच्या ॲपवर दोन टॉर्च एकमेकींशी ताडून बघायला हरकत नाही, आकडा मात्र खरा मानू नका. आणि टॉर्च लावल्या लावल्या मोजू नका, अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, एलईडी तापली की उजेड थोडा उतरतो.

नवीन टॉर्च परत करू नका. तंबूत, गाडीखाली, पायवाटेवर, जिथे जवळचं आणि रुंद दिसायला हवं तिथे तीच चांगली, तिथे जुनीचा बारीक झोत डोळ्याला त्रासच देतो.

प्रश्न : छोट्या ५ मिमी एलईडीवर २०,००० मिलिकॅन्डेला लिहिलेलं असतं. एवढी पॉवरफुल असेल तर चार एलईडी लावून खोलीचा दिवा होईल का?

उत्तर : नाही होणार. मिली म्हणजे हजारावा भाग, त्यामुळे ते झाले २० कॅन्डेला, आणि ते सुद्धा फक्त बरोबर समोरून बघितलं तर. अशा एलईडीचा कोन बऱ्याचदा १५ अंशांच्या आसपास असतो, तेवढ्यात २० कॅन्डेला म्हणजे एकूण उजेड साधारण १ लुमेन. चार लावल्या तर चार. साधी मेणबत्तीच सगळ्या दिशांना मिळून बारा-तेरा लुमेन देते. ह्या एलईडी चालू-बंदच्या खुणेला किंवा बारीक झोताला छान, खोलीसाठी लुमेन बघून बल्ब घ्या. आणि दोन एलईडींचे मिलिकॅन्डेला ताडताना आधी दोघींचा कोन बघा, एक १५ अंशांची आणि दुसरी ६० ची असेल तर कमी आकड्याचीच जास्त उजेड देणारी निघू शकते.