फाल्गुनात उन्हाळी भाजी लावायची आहे, परसातल्या कोंबड्या वाफ्यात सोडू का?

पेरणीआधी खुशाल सोडा, पेरल्यावर अजिबात नको. होळीच्या सुमारास जुनी मेथी-वांगी उपटली की वाफे खणून आठ-दहा दिवस कोंबड्यांना तिथंच चरू द्या. हुमणीच्या अळ्या, वाळवी, तणाचं बी त्या वेचून खातात. मग भेंडी, गवार, चवळी टोका आणि लगेच जाळी लावा. गावरान कोंबडी दोन पानांवरचं रोप एका उकरणीत मुळासकट बाहेर काढते!

ताजी विष्ठा रोपांच्या बुडाशी घालू नका, मुळं करपतात. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात कुजवा. मृगाच्या लागवडीला सुरेख खत होतं.

खरी काळजी कोंबड्यांचीच घ्या. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. कोंबडी चोच उघडून धापू लागली, पंख अंगापासून लांब धरू लागली की ऊन बाधतंय समजा. आत्ताच खुराड्याशेजारी दोडक्याचा वेल लावून तो छपरावर चढवा, सावली होते. पाणी मातीच्या भांड्यात ठेवा, दुपारी बदला. दाणे मात्र सकाळी लवकर आणि दिवस कलल्यावरच टाका. भर उन्हात खाल्लेलं पचवताना त्यांच्या अंगातली उष्णता आणखी वाढते.